डॉक्टर का व्हायचं, हे आपलं आपण विचारू

नीटचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये पेढे वाटले जातात, चौकात फ्लेक्स लागतात आणि ‘समाजातली पहिली डॉक्टर’ अशा अभिनंदनाच्या पोस्ट फिरू लागतात. हा आनंद साजरा झालाच पाहिजे. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या विद्यार्थिनीने 1855 साली लिहिलेल्या निबंधात, आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं, हे दुःख मांडलं होतं. त्या समाजाची मुलगी आज प्रसूतिशास्त्र शिकते, ही लहान गोष्ट नाही.

याच दिवसांत मला फोनही येऊ लागतात. मी सरकारी रुग्णालयात काम करते आणि घरातली पहिली डॉक्टर आहे, त्यामुळे माझा नंबर ओळखीपाळखीतून फिरत राहतो. कटऑफ किती लागेल, दुसऱ्या फेरीत सीट सोडावी का, जात वैधता प्रमाणपत्र वेळेत मिळेल का, फी परत मिळते का, असे प्रश्न असतात. सगळे रास्त आहेत. पण एक प्रश्न पालक मला विचारत नाहीत आणि मुलांनाही विचारत नाहीत. तुला डॉक्टर का व्हायचंय?

हा प्रश्न आपल्याकडे टाळला जातो, याला कारण आहे. आजवर तो आपल्याला विचारला गेला तो हत्यार म्हणून. ‘तुम्हाला सीट कशाला हवी, वाया जाईल’ हे त्या प्रश्नाच्या आत दडलेलं असतं. ज्याच्या वडिलांचं नर्सिंग होम आहे, आई स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, त्याला कोणी हेतू विचारत नाही. त्याने ‘घरचं हॉस्पिटल सांभाळायचंय’ म्हटलं तरी ते सगळ्यांना पटतं. आपल्या मुलाने ‘चांगला पगार मिळेल’ म्हटलं की तो लोभी ठरतो आणि ‘समाजाची सेवा करायची आहे’ म्हटलं की मग खेड्यातच जा, शहरातली चांगली शाखा दुसऱ्यांना सोड, असा सल्ला मिळतो. म्हणून आपण हा प्रश्नच नको म्हणतो. माझं म्हणणं असं की प्रश्न टाकून देऊ नये. तो त्यांच्या हातातून काढून घ्यावा आणि आपल्या भाषेत, आपल्या घरात, फॉर्म भरण्याआधी विचारावा.

त्यासाठी आधी, ज्यांना हेतू विचारला जात नाही त्यांचा इतिहास पाहू. मनुस्मृतीत चिकित्सकाचं अन्न वर्ज्य सांगितलं आहे आणि श्राद्धाच्या पंगतीतून त्याला वगळलं आहे. माणसाच्या शरीराला, रक्ताला, पुवाला हात लावणारा तो अशुद्ध, असा तो हिशेब होता. 1836 साली कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा एका उच्चवर्णीयाने प्रेताला हात लावला याचीच केवढी चर्चा झाली. त्या सगळ्या काळात देशभरच्या गावांत बाळाची नाळ कापणारी, वार पुरणारी, बाळंतिणीचे कपडे धुणारी सुईण बहुतेक वेळा आपल्याच जातींची होती. तिच्या हातांना कोणी ज्ञान म्हटलं नाही. इंग्रजांच्या काळात याच कामाला पदवी, पगार आणि मान मिळू लागला, तसे विटाळ मानणारे पुढे आले आणि पाहता पाहता त्यांनी हे क्षेत्र आपल्या ‘गुणवत्ते’चं म्हणून जाहीर केलं.

मग त्या गुणवत्तेचं रक्षण सुरू झालं. 1951 साली चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रास राज्याचा जातवार जागावाटपाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. दाद मागणाऱ्या बाईंनी मेडिकल कॉलेजात प्रवेशासाठी प्रत्यक्ष अर्जही केलेला नव्हता. त्या निकालामुळेच पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम 15(4) आलं. 1981 साली अहमदाबादच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात पदव्युत्तर जागांच्या आरक्षणाविरुद्ध आंदोलन पेटलं आणि त्याची झळ गुजरातच्या दलित वस्त्यांना बसली. 2006 साली ओबीसी आरक्षणाविरुद्धच्या आंदोलनात भावी डॉक्टर रस्त्यावर झाडू मारून आणि बूट पॉलिश करून दाखवत होते. आमच्या आईवडिलांच्या रोजच्या कामाला ते आपल्या अधःपतनाची खूण म्हणून मिरवत होते. आणि 2023 साली पदव्युत्तर नीटची पात्रता सगळ्या प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, उणे गुण मिळवणारेही पात्र ठरले, तेव्हा मेरिटसाठी कोणी झाडू हातात घेतला नाही. रिकाम्या राहणाऱ्या जागा भरायच्या होत्या आणि त्यात खासगी महाविद्यालयांच्या महागड्या जागाही होत्या.

हा इतिहास मी एवढ्यासाठी सांगते की आपल्या मुलांच्या मनात एक हेतू फार खोल बसलेला असतो: मी यांच्याएवढाच हुशार आहे, हे दाखवून द्यायचं. हा हेतू मला समजतो आणि त्यामागची जखमही. पण डॉक्टर होण्याचं एवढंच कारण असेल तर ते धोक्याचं आहे. कारण त्यात परीक्षक तेच राहतात. ज्यांनी शून्य पर्सेंटाइलला मेरिट मानून घेतलं, त्यांच्याकडून आपल्या हुशारीवर शिक्का मिळेल या आशेवर आयुष्याची दहा वर्षं घालवायची का? तुम्ही पहिले आलात तरी ते अपवाद म्हणतील आणि एखाद्या विषयात राहिलात तर नियम म्हणतील. मी शिकत होते तिथे पहिल्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर यादी लागली, तिच्यात नावापुढे प्रवर्ग होता. पुढची साडेपाच वर्षं काही जणांनी आम्हाला त्या एका रकान्यावरूनच ओळखलं. त्यांची खात्री पटवण्यासाठी अभ्यास करणारे माझे मित्र लवकर थकले. विषयाची गोडी लागलेले, किंवा वॉर्डातल्या माणसांत रमलेले, थकले तरी पुन्हा उठू शकले.

दुसरा हेतू सुटकेचा. पांढरा कोट घातला की जात झाकली जाईल, आडनाव मागे पडेल, पुढे फक्त ‘डॉक्टर’ उरेल. सुटका हवीशी वाटणं हा गुन्हा नाही. पण मुलांना खरं सांगायला हवं. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी सुखदेव थोरात समितीने केली आणि 2007 साली अहवाल दिला. वसतिगृहात वेगळं पडणं, शिक्षकांचं दुर्लक्ष, तोंडी परीक्षेतली वागणूक, हे सगळं त्यात नोंदलं आहे. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या वैद्यकीय संस्थेची ही गोष्ट. 22 मे 2019 रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलगी. एमबीबीएस झालेली होती, डॉक्टर होतीच. कोटाने तिला वाचवलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण हेतूंची चर्चा सुरू झाली की लोक दोष मुलांवर ढकलतात. पायलच्या हेतूत काही कमी नव्हतं. तमिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यातल्या अनिताच्या हेतूतही नव्हतं. मजुराची ही दलित मुलगी बारावीला 1200 पैकी 1176 गुण मिळवून बसली होती. नीटच्या सक्तीविरुद्ध ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 1 सप्टेंबर 2017 रोजी तिने जगाचा निरोप घेतला. या मुलींच्या बाबतीत व्यवस्था नापास झाली. आबेदा तडवी आणि राधिका वेमुला या दोन आया 2019 साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या विद्यापीठांनी भेदभाव रोखावा म्हणून. तमिळनाडूने 2020 पासून सरकारी शाळांतल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात 7.5 टक्के जागा राखल्या. ही लढाई संस्थांशी आहे आणि ती आपण लढत राहू. हेतू तपासायचा तो मुलांना दोष देण्यासाठी नाही. लढाई चालू असताना आत शिरणाऱ्या मुलाच्या हाती स्वतःचं असं काहीतरी असावं, एवढ्यासाठी.

तिसरा हेतू घरच्यांचा. ‘माझ्या मुलाने डॉक्टर व्हावं’ हे वाक्य आपल्याकडे आशीर्वादासारखं उच्चारलं जातं. आई घरकाम करते, बाप बांधकामावर जातो, दोघं मिळून क्लासची फी भरतात. लातूरला, नांदेडला, कोट्याला खोली घेऊन दिली जाते. 2023 या एका वर्षात कोट्यात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. 2024 साली 23 लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा सुमारे एक लाख होत्या आणि त्यातल्या सरकारी फी परवडणाऱ्या जागा जेमतेम निम्म्या. हे गणित समोर असताना सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर पूर्ण घराचं, कधी पूर्ण वस्तीचं कर्ज ठेवणं बरोबर नाही. पालकांना माझी विनंती आहे: मुलाला एकदा तरी स्पष्ट शब्दांत सांगा की सीट नाही लागली तरी तू आमचाच आहेस, आणि तुझं शिक्षण थांबणार नाही.

चौथा हेतू पैशाचा आणि मानाचा. याबद्दल लाज वाटून घेऊ नये. ज्याच्या घरी महिन्याच्या शेवटी डबे रिकामे होतात त्याला स्थिर पगार हवा असणं हे फार प्रामाणिक कारण आहे. त्यागाचे धडे आपल्याला पिढ्यान् पिढ्या इतरांनी दिले आहेत. फक्त हिशेब नीट मांडावा. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट पीजी, मग तीन वर्षं. हातात नियमित पैसा येईपर्यंत वय तिशीला टेकतं. लवकर पैसा हवा असेल तर हा रस्ता लांबचा आहे. आणि जमीन विकून, कर्ज काढून खासगी जागा घ्यायची असेल तर विचार करा की त्या कर्जाचा हप्ता पुढे कोण फेडणार. तो रुग्णच फेडतो.

रुग्णाकडे हप्ता म्हणून पाहिलं की काय होतं, हे आपल्याच राज्यात दिसलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची 2019 साली राज्याने नेमलेल्या समितीने पाहणी केली. 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यात बहुतेक दलित, भटक्या-विमुक्त आणि ओबीसी घरांतल्या बायका. मुकादमाचा खाडा वाचवण्याची सक्ती एका बाजूला आणि अंगावर पांढरं जातंय म्हणून आलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेणारे डॉक्टर दुसऱ्या बाजूला. शस्त्रक्रिया करणारे हात पदवीधर होते. परीक्षेत त्यांचा हेतू कोणी तपासला नव्हता.

याहून जुना एक दाखला बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये दिला आहे. 1929 साली काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. शेवटी नगरशेठच्या रदबदलीने आला, तोही वस्तीबाहेरच तपासीन या अटीवर. दोन दिवसांच्या बाळंतिणीला बाहेर आणावं लागलं. थर्मामीटर डॉक्टरने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या हाती आणि नवऱ्याने तिला लावला. तो परतही तसाच आला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात आकडा वाचून न्यूमोनिया सांगितला आणि निघून गेला. पुन्हा बोलावल्यावर आला नाही. ती बाई दगावली. त्या डॉक्टरकडे ज्ञान होतं, निदानही त्याने सांगितलं, दोन रुपये फीसुद्धा त्याला मिळाली होती. फक्त त्या बाईला हात लावायचा नव्हता.

मला वाटतं, वैद्यकाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने हा थर्मामीटर डोळ्यांसमोर ठेवावा आणि स्वतःला विचारावं: मला समोरच्या माणसाला हात लावायचा आहे का? कोणाही माणसाला. अंगाला वास येणाऱ्या, दारू प्यायलेल्या, वाद घालणाऱ्या, आपल्याच जातीतल्या आणि आपला द्वेष करणाऱ्या जातीतल्याही. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड हा आजारी मुलगा उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात आणला आणि त्याच साथीत 10 मार्चला त्या गेल्या. त्या डॉक्टर नव्हत्या. पण डॉक्टर होण्याचं जे सर्वांत पक्कं कारण मला ठाऊक आहे, ते त्या कृतीत आहे. हे कारण असलेल्या मुलाला कोणी ‘कोट्यातला’ म्हटलं की वाईट वाटेल, राग येईल, तक्रारही तो करेल आणि केलीच पाहिजे. पण आपण इथे कशाला आलो, हे तो विसरणार नाही, कारण ते त्याला वॉर्डात रोज दिसत राहील.

हे कारण म्हणजे फुकटची सेवा असं मात्र समजू नका. पगार घ्या, सुट्टी घ्या, हवी ती शाखा निवडा. हृदयरोगतज्ज्ञ व्हा, संशोधक व्हा. आपल्या मुलांनी फक्त प्राथमिक आरोग्य केंद्रातच राबावं असा कोणी नियम केलेला नाही. आपल्या माणसांना सगळ्या शाखांत आपली माणसं लागतात. विदर्भातल्या आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या सिकलसेलवर संशोधन करणारं कोणी हवं. गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या मृत्यूचं कारण नीट लिहिणारं कोणी हवं. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात वैद्यकीय अहवालावर सगळं अवलंबून असतं. खैरलांजीत 2006 साली पहिल्या शवविच्छेदनावर एवढे आक्षेप आले की मृतदेह उकरून दुसऱ्यांदा तपासावे लागले. तिथे टेबलापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरचा हेतू काय आहे, यावर न्याय मिळणं न मिळणं ठरतं. आणि आपल्या जातीचा डॉक्टर असला की आपोआप सगळं बरोबर होईल, असंही नाही. जात आपल्याला दुःख ओळखायला शिकवते. त्यापुढे काय करायचं, हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं.

म्हणून बारावीच्या मुलामुलींना काही साध्या गोष्टी सुचवते. सुट्टीत चार सकाळी जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर जाऊन बसा. केसपेपरची रांग बघा, नातेवाइकांचा आरडाओरडा ऐका, डॉक्टर दुपारी दोन वाजता कसा दिसतो ते बघा. दहा वर्षांनी मला या खोलीत बसायला आवडेल का, असं स्वतःला विचारा. नावामागे ‘डॉ.’ लागणार नसतं, तरी मला हे काम आवडलं असतं का? शरीर कसं चालतं याचं कुतूहल मला वाटतं का, की जीवशास्त्राचा धडा फक्त गुणांसाठी वाचतोय? दोन प्रयत्नांत जमलं नाही तर तिसरा कोणासाठी करेन? उत्तरं वहीत लिहून ठेवा. कोणाला दाखवायची गरज नाही.

आणि वॉर्डात गेलात तर झाडलोट करणाऱ्या मावशीकडे आणि स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांकडेही बघा. रुग्णालयात कोण रक्त पुसतं, कोण सुई टोचतं आणि कोण सही करतं, याची उतरंड आपल्या ओळखीची आहे. लेबर रूममधली जुनी मावशी बाळंतपणाबद्दल जे जाणते ते नवख्या इंटर्नला ठाऊक नसतं. गावच्या सुईणीची ती आजची वारस आहे. डॉक्टर झाल्यावर तिला नावाने आणि आदराने हाक मारावीशी वाटेल, की तिच्यापासून लांब जाण्यासाठीच आपल्याला डॉक्टर व्हायचंय? या एका प्रश्नाने बराच उलगडा होतो.

एवढं विचारून झाल्यावर कोणाला वाटलं की आपल्याला हे नकोच, तर तेही चांगलं झालं. कायदा, इतिहास, शेती, संगणक, पत्रकारिता, सगळीकडे आपली माणसं कमी आहेत. आरोग्यातच राहायचं असेल तर नर्सिंग, फिजिओथेरपी, प्रयोगशाळा, सार्वजनिक आरोग्य हे पर्याय हुकलेल्यांसाठीचे उरलेसुरले नाहीत. डॉक्टर न होण्याचा निर्णय विचार करून घेणं, हाही आपल्या मुलांचा हक्क आहे. सवर्ण घरातला मुलगा मेडिकल सोडून सिनेमा करायला जातो तेव्हा त्याचं कौतुक होतं. आपल्या मुलाने तसं केलं तर आपण निदान त्याला घरी जेवायला वाढावं, टोमणे मारू नयेत.

आणि ज्यांचं उत्तर ‘हो, मला हेच करायचंय’ असं येईल, त्यांनी ताठ मानेने फॉर्म भरावा, प्रवर्गाच्या रकान्यात खूण करताना मान खाली घालू नये. ती जागा संविधानाने दिलेली आहे. 2022 साली नील ऑरेलिओ नुनेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं आहे की स्पर्धा परीक्षेचे गुण काही वर्गांना मिळालेल्या सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक फायद्यांचं प्रतिबिंब दाखवत नाहीत. पुढे कधी कोणी तोंडावर विचारलं, ‘तुझा रँक काय होता?’, तर सांगायचं तर सांगा, नाही तर सांगू नका. त्याला उत्तर देणं हे तुमच्या अभ्यासक्रमात नाही. ओपीडीत तुमच्या समोर बसलेली बाई रँक विचारत नाही. तिला किती दिवसांपासून ताप आहे ते विचारा आणि तिची नाडी बघा.

जय भीम.